इमारत उजवीकडे कलली आहे

४ मार्च, बुधवार

निवृत्त झालो म्हणून शिस्त सुटता कामा नये. आयुष्यभर बांधकामांवर सुपरवायझर होतो, रोज संध्याकाळी साहेबांना रिपोर्ट लिहिला. आता साहेब मीच. ही वही दुसरं कुणी वाचणार नाही, तेव्हा यात फक्त खरं लिहायचं.

संकल्प: रोज चालायला जाणे. कमी बोलणे. घरातल्यांच्या चुका दाखवायच्याच, पण आवाज न चढवता.

सकाळी साडेदहा. आवाज चढला. माझा दोष नाही. स्वयंपाकघरात चमचा पडला म्हणून वाकलो, उठताना वरच्या कपाटाच्या उघड्या दाराचा कोपरा डोक्यात बसला. ही म्हणाली, बर्फ लावा. मी म्हणालो, बर्फ नको, अक्कल लावा. दार उघडं कुणी ठेवलं? तर म्हणे तुम्हीच, आत्ताच, साखर शोधताना. चोराच्या उलट्या बोंबा. टेंगूळ नाही, रक्त नाही. विषय संपला. हृदयाच्या डॉक्टरांनी दिलेली रक्त पातळ ठेवायची गोळी वेळेवर घेतली. चालायला उद्यापासून.

१९ मार्च, गुरुवार

डोकं जड. उशी बदलल्याचा परिणाम. ही नवीन उशी हिच्या पसंतीची आहे, एवढं लिहिलं की पुरे.

चालायला गेलो नाही. डोकं जड असताना चालू नये.

२७ मार्च, शुक्रवार

उजव्या पायातली चप्पल सटकते. आज जिन्यात दोनदा मागे राहिली. मी पुढे, चप्पल मागच्या पायरीवर. हल्ली कारखान्यात उजवा पाय मोठा काढतात असं दिसतं. दुकानदाराला तसं सांगितलं. तो म्हणाला, काका, दोन्ही एकाच मापाच्या आहेत. मी त्याला मापं शिकवली. नवीन जोड घेतला. घरी येईपर्यंत त्याचीही उजवी सटकायला लागली. सगळे एका माळेचे मणी.

३१ मार्च, मंगळवार

मोठा शोध. आज चहाचा कप उजव्या हातात तिरपा झाला आणि बशीत सांडला. काल वरणाची वाटी, तीही उजवीकडेच. परवा मी स्वतः बाथरूममधून निघालो तो सरळ कपड्यांच्या कपाटावर, उजवीकडे. तीन घटना, एक दिशा. माझ्यासारख्याला याचा अर्थ लगेच कळतो. फरशीला ढाळ आला आहे. बाथरूमला ढाळ असावा, हॉलला असू नये.

पाणसळ काढली. साइटवर वर्षानुवर्षं वापरलेली, काचेच्या नळीत बुडबुडा असलेली. हॉलमध्ये चार ठिकाणी लावली. चारही ठिकाणी बुडबुडा बरोबर मध्यभागी. म्हणजे पाणसळ बिघडली.

६ एप्रिल, सोमवार

नवीन पाणसळ आणली. तीही बिघडलेली निघाली.

शेवटी ओळंबा सोडला. दोरीला टांगलेलं वजन, त्यात बिघडण्यासारखं काही नसतं. मिस्त्री लोकांना मी हजारदा ऐकवलं असेल, माणूस खोटं बोलेल, ओळंबा बोलणार नाही. भिंतीशी धरला. दोरी भिंतीला अगदी समांतर. क्षणभर कोड्यात पडलो. मग उलगडा झाला. फरशी, भिंत आणि छत, तिन्ही एकदमच कलली असतील तर ओळंब्याला बिचाऱ्याला काय कळणार! अख्खी इमारत उजवीकडे चालली आहे. (हा तर्क दुपारी पुन्हा तपासायचा होता, पण झोप लागली. हल्ली दुपारी फार झोप लागते. पुरावे गोळा करण्याचा थकवा.)

हिला सांगितलं. ही म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडे. म्हणजे अंगणही वाकडं आहे हे हिच्याही लक्षात आलं आहे. एक साक्षीदार मिळाला.

१० एप्रिल, शुक्रवार

कारणही सापडलं. वरच्या मजल्यावर व्यायामशाळेत शिकवणारे एक गृहस्थ राहतात. मी त्यांना डंबेल म्हणतो. त्यांनी हॉलच्या उजव्या कोपऱ्यात लोखंडी वजनांचा ढीग रचून ठेवला आहे. एका कोपऱ्यावर एवढा भार दिला की इमारत काय करणार?

वर जाऊन समज दिली. बोलता बोलता एक शब्द सुचेना. ते, जे मजल्याच्या वर असतं आणि पुढच्या मजल्याच्या खाली. रोज ज्याच्यावर जगलो तो शब्द. डंबेल म्हणाला, स्लॅब का? मी म्हणालो, तेच. मग म्हणाला, काका, तुम्ही बसा जरा, तोंड एका बाजूला ओढल्यासारखं वाटतंय. विषय बदलण्यात माणूस पटाईत आहे. त्याला पाणी पिऊन दाखवलं. अर्धं शर्टावर गेलं, उजव्या बाजूला. म्हटलं, बघ, तुझ्याकडेही ढाळ आहे.

१४ एप्रिल, मंगळवार

मुलगी आली होती. ती आणि ही स्वयंपाकघरात कुजबुजत होत्या. मी आत गेलो की गप्प. मुलगी म्हणाली, बाबा, एकदा डोक्याचा फोटो काढू या. मी म्हणालो, फोटो इमारतीचा काढा. पालथ्या घड्यावर पाणी.

हल्ली ही माझ्या उजव्या बाजूने चालते. मी कलंडू नये म्हणून, म्हणे. इमारतीला टेकू द्यायचा सोडून मला देते.

अक्षर बिघडलं आहे. टेबलही कललं आहे, काय करणार. रविवारी सोसायटीची मीटिंग आहे. तिथे प्रात्यक्षिक. इमारत रिकामी करून घ्यायचीच, माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे. हिचा जीव तर आहेच.

१९ एप्रिल, रविवार

मीटिंग झाली. थोडक्यात.

काचेची गोटी आणली होती. सगळ्यांना म्हटलं, आता बघा, ही फरशीवर ठेवतो, कुठे पळते ते. ठेवली. गोटी जागच्या जागी. सगळे वाकून गोटीकडे बघत होते. गोटी काही हलली नाही. मी मात्र वाकलेला उठताना उजवीकडे गेलो, गेलो, आणि चपलांच्या रॅकवर आडवा झालो. रॅकसकट.

मी खालूनच सांगितलं, ढाळ सिद्ध झाला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. डंबेलने मला उचललं. ही कोपऱ्यात उभी होती. तिच्या चेहऱ्याकडे बघवेना. रागावली असती तर बरं झालं असतं.

पडलो तरी नाक वर, असं डंबेल कुणालातरी म्हणाला. नाक खरंच वर होतं, बाकीचा मी खाली होतो.

२० एप्रिल

डोकं फार दुखतं. उजवा हात जड. पेन

सकाळी ही समोर बसली. म्हणाली, अहो, घर सरळ आहे. तुम्ही वाकडे चालताय. मला भीती वाटते. चला ना डॉक्टरांकडे.

उत्तर तयार होतं. पाच मुद्दे होते. एकही सापडेना. म्हटलं, तुझं बरोबर आहे.

हिच्या हातातला झारा पडला. भांडण, उपास, अबोला, लग्नापासून सगळं झालं, पण हे तीन शब्द माझ्या तोंडून तिने कधी ऐकले नव्हते. ती खालीच बसली. मग मुलीला फोन. रडत म्हणाली, अगं, तुझे बाबा माझं बरोबर आहे म्हणाले. पलीकडून मुलगी ओरडली ते मलाही ऐकू आलं. हात लावू नकोस त्यांना, मी अँब्युलन्स पाठवते.

लिफ्ट बंद. डंबेलने उचलून खाली नेलं. वजन उचलतो हे बरं

२२ एप्रिल, बुधवार. हॉस्पिटल

अक्षर बघा! सरळ. शब्दही सगळे हजर आहेत. स्लॅब, स्लॅब, स्लॅब.

दोन दिवसांचा रिपोर्ट क्रमाने. सोमवारी सीटी स्कॅन. त्या गोल यंत्रात डोकं घातलं तेव्हा मी घाबरलो. इथे खरंच लिहायचं ठरलं आहे म्हणून लिहितो. इमारतीचं काय होईल असं मनात आलं नाही. हिचं काय होईल असं आलं. गॅसचं बुकिंग कसं करायचं हे तिला मी मुद्दाम कधी शिकवलं नाही. ते मला जास्त चांगलं जमतं म्हणून.

मेंदूची सर्जन मुलीच्या वयाची. तिने पडद्यावर फोटो दाखवला. कवटी आणि मेंदूच्या मध्ये, डाव्या बाजूला, चंद्रकोरीच्या आकाराचं काहीतरी साचलेलं. म्हणाली, हे रक्त आहे, जुनं. डोक्याला कधी लागलं होतं का? मी म्हणालो, छे. ही म्हणाली, कपाटाचं दार. मी म्हणालो, ते किरकोळ होतं. सर्जन म्हणाली, किरकोळच पुरतं. या वयात मेंदू थोडा आकसतो, त्याच्या आवरणाजवळच्या बारीक शिरा ताणलेल्या असतात. एखादी फाटते. त्यात तुमची रक्त पातळ करायची गोळी. आठवडेच्या आठवडे झिरपत राहतं, भोवती पापुद्रा धरतो, तो पापुद्राही झिरपतो. मग मेंदू दाबला जातो. डावीकडून दाब आला की उजवा हात, उजवा पाय आणि शब्द जातात.

म्हटलं, म्हणजे सीपेज. ती म्हणाली, हो, तसंच. सीपेजवर मी उभं आयुष्य काढलं आहे. मग तिने मेंदूची मधली रेघ दाखवली. ती उजवीकडे चांगलीच सरकली होती. शरम वाटली. एवढा फरक माझ्या कुठल्याही साइटवर मी खपवून घेतला नसता, मिस्त्रीला तिथेच घरी पाठवलं असतं.

थोडक्यात माझं निदान बरोबर होतं. गळती होती, भार एकाच बाजूला होता, सगळं उजवीकडे चाललं होतं. फक्त इमारत चुकली.

उपायही मी सुचवला असता तोच. दोन भोकं पाडायची, साचलेलं धुऊन काढायचं, नळी सोडायची. गोळीचा परिणाम उतरवायला औषधं दिली. मंगळवारी दुपारी ऑपरेशन. हृदयाचं कारण होतं म्हणून पूर्ण भूल दिली नाही, गुंगीचं थोडंसं देऊन डोक्याची कातडी बधिर केली. त्यामुळे देखरेख करता आली. आधी मार्किंग करून घ्या म्हटलं. केलंय, म्हणाली. ड्रिल मारताना पाणी सोडत राहा, बिट तापतं. सोडतेय, म्हणाली. पलीकडची वस्तू नाजूक आहे, हात आवरता ठेवा. त्यावर तिने सांगितलं की हाड पार झालं की हे ड्रिल आपोआप थांबतं. असं ड्रिल आमच्याकडे असतं तर किती भिंतीतले पाइप फुटायचे वाचले असते! मग आवाज आला. दगडी खाणीत डोकं ठेवून झोपल्यासारखा. सिस्टरने हात धरायला दिला. तो मी सोडला नाही.

जे निघालं ते जुन्या इंजिन ऑइलसारखं होतं, असं सर्जन म्हणाली. पाण्याने धुऊन स्वच्छ येईपर्यंत काढलं. टेबलावरच उजव्या हाताची बोटं हलवायला सांगितली. हलली. मी मोजून पाचही हलवली.

रात्री वॉर्डात सिस्टर नळीची पिशवी अडकवत होती. मी पडल्या पडल्याच तिला थांबवलं. अहो बाई, पिशवी खाली हवी, डोक्याच्या वर टांगलीत तर उलटं येईल, पाणी चढावर जातं का कधी? कुणी शिकवलं तुम्हाला? सिस्टर म्हणाली, आजोबा, खालीच लावतेय, तुम्ही पडून आहात म्हणून वर दिसतेय. पण ही दारात उभी होती. तिने माझं ओरडणं ऐकलं आणि पदर डोळ्यांना लावला. मुलीला म्हणाली, आले गं, आले परत.

२५ एप्रिल, शनिवार

घरी. नळी काढली, टाके आहेत. डंबेल जिन्यात भेटला, म्हणाला, काका, वजनं डाव्या कोपऱ्यात हलवली आहेत, उगीच रिस्क नको. मी म्हटलं, आता गरज नव्हती, पण तत्त्व म्हणून ठीक आहे.

हॉस्पिटलमधून निघताना हिने सर्जनला विचारलं, परत साचू शकतं का? ती म्हणाली, शंभरात दहा-पंधरा जणांचं साचतं. डोकं दुखलं, चाल बिघडली, बोलण्यात घोटाळा झाला, किंवा नेहमीच्या स्वभावाला सोडून काही वागले, तर वेळ न घालवता घेऊन या. ही म्हणाली, म्हणजे माझं ऐकलं वगैरे? सर्जन म्हणाली, नेहमी ऐकत नसतील तर, हो.

दोघींनी हे अगदी गंभीरपणे ठरवलं. मी समोरच होतो.

३ मे, रविवार

नवीन संकल्प. मोठा आहे.

ही रोज सकाळी माझे दोन्ही हात पुढे करायला लावते आणि उजवा खाली येतो का ते बघते. रात्री मी उठलो की तीही उठते. आठ दिवसांत खंगली आहे. स्कॅनच्या यंत्रात जे मनात आलं ते तिला सांगायला हवं. तू उजवीकडून चालत होतीस म्हणून मी आज इथे आहे. तुझं बरोबर होतं. एवढंच. दोन वाक्यं. मोठमोठ्या कंत्राटदारांना तोंडावर बोललेला माणूस मी, घरात दोन वाक्यं बोलायला किती वेळ लागणार? उद्या सकाळी.

४ मे, सोमवार

ती फोनवर होती.

६ मे, बुधवार

पाहुणे आले होते. असल्या गोष्टी चारचौघांत नकोत.

९ मे, शनिवार

आज बोलणारच होतो. ‘तू’ म्हणालो. ती म्हणाली, काय? मी म्हणालो, तू पंखा बंद ठेवलास ते वीज वाचवायला का? काय सांगू, जीभच वळली. ऑपरेशनच्या आधी शब्द सापडत नव्हते, आता सापडतात तर बाहेर येत नाहीत. टाके ओढत असतील.

१२ मे, मंगळवार. रात्री

सांगितलं.

दुपारी ती खिडकीशी बसून चष्मा पुसत होती. घर शांत होतं. मी समोर जाऊन बसलो आणि एका दमात म्हणालो, तू होतीस म्हणून मी वाचलो. तुझं बरोबर होतं. आधीही पुष्कळदा तुझंच बरोबर असायचं. कामात हयगय केली नाही.

तिने चष्मा घातला. माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे भरले. मलाही भरून आलं. वाटलं, इतकी वर्षं उगीच घालवली.

मग ती म्हणाली, दोन्ही हात पुढे करा.

मी म्हणालो, अगं, मनापासून बोलतोय. ती म्हणाली, आज वार कोणता? म्हटलं, मंगळवार. फरशीच्या रेघेवरून चालून दाखवा. चाललो, सरळ चाललो. तोवर मुलीला फोन गेला होता. अगं, परत साचलंय वाटतं, ह्या वेळी जास्त आहे, आधीच्या वर्षांचंही बोलतायत. डंबेल वरून धावत आला. मी पायांनी जातो म्हणत होतो, कुणी ऐकेना. त्याने खांद्यावर टाकलं. तिसऱ्या मजल्यापासून खालपर्यंत मी उलट्या डोक्याने सांगत होतो की माझं प्रेम आहे म्हणून बोललो. ते ऐकून ही आणखीच जोरात रडायला लागली आणि अँब्युलन्सच्या ड्रायव्हरला म्हणाली, लवकर हो, बाबा.

पुन्हा सीटी स्कॅन. सर्जन पडद्यासमोर उभी राहिली. म्हणाली, स्वच्छ आहे. मधली रेघ एकदम मध्ये आली आहे. मग असं का बोलले, असं हिने विचारलं. सर्जनने माझ्याकडे बघितलं. म्हटलं, खरंच वाटलं म्हणून बोललो. सर्जन हिला म्हणाली, काकू, कधीकधी माणसं बोलतात. ही म्हणाली, हे नाही बोलत. सर्जन मला बाजूला घेऊन म्हणाली, काका, महिनाभर तरी असं काही मनात आलं तर घरच्यांना आधी कल्पना देऊन ठेवा.

घरी आलो तेव्हा अंधारलं होतं. हिने पटकन भाजी टाकली, दोघांची पानं घेतली. घास हातात धरून बसली, माझ्याकडे बघत. खाईना. म्हणाली, हात जोडते, परत असं नका बोलू. मला नाही झेपत. तुम्ही आहात तसे बरे.

मी एक घास खाल्ला. म्हणालो, भाजीत मीठ किती ओतलंयस? एवढ्या वर्षांत अंदाज येऊ नये माणसाला?

हिने मोठा श्वास सोडला. पाठ भिंतीला टेकली. म्हणाली, जास्त झालं का हो? आणि जेवायला लागली. पोटभर जेवली. आत्ता नऊलाच गाढ झोपली आहे, हॉस्पिटलमधून आल्यापासून पहिल्यांदा.

मीठ बरोबर होतं.